बडीच्या रकान्यात माझं नाव

मुलुंड (पश्चिम),
२९ जानेवारी

प्रिय अन्या,

पत्र बघून हसशील. दिवसातून चार मेसेज टाकणारा माणूस अचानक कागद-पेन घेऊन का बसला, म्हणून. बसला हा शब्दही खोटाच आहे यार. पहिलं पान गॅलरीत उभ्याने लिहिलं आणि फाडलं. दुसरं ओट्याशी उभं राहून लिहीत होतो, तर आईने विचारलं, कोणाला एवढं लिहितोयस? तेही फाडलं. हे तिसरं. सुट्टीचे अठरा दिवस झाले आणि या अठरा दिवसांत मी एका जागी सलग अर्धा तास टेकलेलो नाही. सकाळी सॅकमध्ये तांदळाच्या पाच-पाच किलोच्या चार पिशव्या भरतो आणि कॉलनीमागच्या डोंगराकडे सुटतो. येतो, आंघोळ करतो, परत बाहेर. ऐरोलीच्या पुलापर्यंत चालत जातो, खाडीकडे तोंड करून उभा राहतो, परततो. फ्लेमिंगो आलेत, लोक मोबाइल काढून तासन्‌तास उभे असतात. मला दोन मिनिटं बघवत नाहीत. आई म्हणते, "अरे, तुझे पाय आसत काय चाका?"

आणि हीच आई परवा-परवापर्यंत रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवायची, पाय स्टुलावर ठेवायला लावायची आणि लसूण घालून गरम केलेलं खोबरेल माझ्या उजव्या गुडघ्याला चोळायची. साडेतीन महिने झाले, तरी तिच्या डोक्यातून तो गुडघा जात नव्हता. "दुखता?" असं विचारायची. मी कधी हो म्हणायचो, कधी थोडंसं म्हणायचो. तिचे अंगठे वाटीच्या दोन्ही बाजूंनी फिरत राहायचे आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचो. दिवसभरात मी तेवढाच वेळ बसायचो, आणि तोच वेळ मला सगळ्यात जड जायचा.

मला सगळं क्रमाने लिहू दे. त्यातलं बरंच तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. पण क्रम सोडला तर मी मधूनच पळ काढेन, आणि पळ काढण्यात मी किती हुशार आहे ते तुला अजून माहीत नाही.

चेन्नईच्या अकादमीत पहिल्या आठवड्यात तू मला विचारलं होतंस, मुंबईत कुठे? मी मुलुंड म्हणालो, तू बोरिवली म्हणालास. मग तूच म्हणालास, म्हणजे आपल्यामध्ये फक्त एक जंगल आहे, एक दिवस सरळ चालत येतो तुझ्याकडे. तुझं घर शिकल्यासवरल्यांचं, तुझी आई सुलक्षणाकाकू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, बाबा अनंतकाका आर्किटेक्ट. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, आणि बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे, ठरल्या वेळी बंद करायचे. तीस वर्षं त्यांनी अर्ध्या मुलुंडला पाणी सोडलं, पण गुणाजी घाडी हे नाव लोकांना आठवायचं ते पाणी आलं नाही की. तू हे ऐकून म्हणाला होतास, भारी काम आहे यार. मला ते तेव्हा भारी वाटत नव्हतं.

पासिंग आउटनंतर तू सिग्नल्समध्ये गेलास आणि मी रसदपुरवठ्यात, सर्व्हिस कोअरमध्ये. मी तीन वर्षं लडाखमध्ये ट्रकांचे काफिले नेले. रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत शेवटच्या चौकीपर्यंत रॉकेल, पीठ, डाळ, अंडी पोचवायची. चांगलं काम होतं, मी ते चांगलं करत होतो. आणि मग तिसऱ्या वर्षी गणपतीला गावी गेलो. पडवीत सगळे बसलेले. चुलतभावाने विचारलं, नेमका काय करतंस तू? मी सांगितलं. तो हसत हसत म्हणाला, "म्हणजे तू मिलिटरीत किराणो पोचवतंस!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत, सुपारी कातरत राहिले. मीही हसलो. वाक्य एवढंसं, पण ते माझ्या अंगात कुसळासारखं रुतून बसलं. मुंबईला परत येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की कोअर बदलायची, स्पेशल फोर्सेससाठी अर्ज करायचा. तुला फोन केला तर तू म्हणालास, अरे मी तर फॉर्म भरून बसलोय, तुझीच वाट बघत होतो.

तुझं कारण मला माहीत आहे. तुला ते काम खरंच हवं होतं. माझ्या सीओंनी, कमांडिंग ऑफिसरांनी, मला समोर उभं करून विचारलं होतं, "घाडी, इथे तुझ्यावाचून चौदाशे माणसांची चूल पेटत नाही. तिकडे कशाला जायचंय?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. ते म्हणाले, "कोणाला तरी दाखवायला जात असशील तर जाऊ नकोस. तिथे बघायला कोणी नसतं." त्यांनी सही केली. मी सलाम ठोकून बाहेर आलो आणि त्यांचं वाक्य तिथेच सोडून आलो.

स्पेशल फोर्सेसच्या निवडीचे, प्रोबेशनचे पहिले पाच आठवडे मला आयुष्यात कधी नव्हते इतके आवडले. कितीही शिव्या घालत असलो तरी. आपण दोघं कॅप्टन, पण तिथे खांद्यावरचे तारे उतरवून जवानांच्या बरोबरीने चिखलात. झोप नाही, पायांची सालं निघालेली, आणि तू सकाळी माझ्या बुटाची लेस बांधून देताना म्हणायचास, "चल रे, मुलुंड फास्ट!" माझी बोटं सुजून वळत नव्हती, म्हणून बारा दिवस माझ्या लेस तू बांधल्यास. मी ते दिवस मोजले होते. तू मोजले नसशील.

आणि मग ती चाळीस किलोमीटरची चाल. पाठीवर तीस किलो, हातात रायफल, ऑक्टोबरचं ऊन. प्रत्येकाने एकट्याने चालायचं, वेळेत पोचला नाही तो घरी. तू नेहमीसारखा पुढे निघून गेलास. पुढचं तू लोकांकडून ऐकलंस. सव्विसाव्या किलोमीटरला कोरड्या नाल्याच्या वळणावर तू उष्माघाताने कोसळलास. मागून येणाऱ्या नायक नंदकिशोरने तुझं ओझं काढलं, आपलं पाणी तुझ्या अंगावर ओतलं, तुला उचलून दीड किलोमीटर रस्त्यापर्यंत आणलं. त्याची वेळ चुकली, तो नापास झाला. तू तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. मी वेळेत पोचलो, सात मिनिटं हातात ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जाऊन म्हणालो, माझा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं. मी परत माझ्या ट्रकांकडे आलो.

तू शुद्धीवर आल्यावर मला केलेला पहिला फोन आठवतो? आवाज कसला तो, सुकलेला नुसता. तू म्हणालास, "साल्या, मला शेवटचं काय आठवतंय माहितीये? तुझा चेहरा. तू वळणावर दिसलास आणि वाटलं, चला, आता सुटलो." मग म्हणालास, "नंद्याला तूच पाठवलंस ना?" आणि मी काही बोलायच्या आत तुला धाप लागली, सिस्टरने फोन काढून घेतला. अन्या, मी हो म्हटलं नव्हतं. गेले साडेतीन महिने मी स्वतःला हेच सांगतोय, की मी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही. नंतर प्रत्येक फोनवर तू तेच गृहीत धरून बोलत गेलास आणि मी विषय बदलत गेलो.

या सव्वीस जानेवारीला सोसायटीने मला झेंडा फडकवायला बोलावलं. सेक्रेटरींनी माइकवर मला कमांडो म्हणून टाकलं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तात्पुरतं परतावं लागलेले आपले कमांडो. टाळ्या वाजल्या. आई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. मी दोरी ओढली, राष्ट्रगीत झालं, चहा-वडे झाले. घरी येताना लिफ्ट बंद होती, म्हणून मी आईसाठी आणलेलं पाण्याचं मोठं पिंप खांद्यावर घेऊन चार मजले चढलो. दोन-दोन पायऱ्या एकदम. मागून बाबा येत होते, कठड्याला धरून. चौथ्या मजल्यावर मी पिंप खाली ठेवलं तेव्हा ते तिसऱ्यावर थांबून वर बघत होते. म्हणाले, "गुडघो बरो दिसता तुझो."

बस्स, एवढंच. आवाजात राग नाही, शंका नाही. पाण्याचा दाब किती आहे ते ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात. मी तिथेच जिन्यात बसलो. तेही आले, शेजारी बसले, आणि मी त्यांना सांगितलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. कधीच नव्हतं. तिथे कोणाला तोंड दाखवायला नको, म्हणून ते निमित्त केलं. मी अनिरुद्धला पाहिलं होतं, बाबा. नाल्याच्या वळणावर तो बाभळीखाली कुशीवर पडला होता, ओझ्यासकट. मी थांबलो. मनात पहिला विचार आला तो वेळेचा: माझ्याकडे वीसेक मिनिटं आहेत, याला उचलला तर ती जातील. दुसरा विचार आला की मागून डॉक्टरांची गाडी येतेच. आणि मी चालायला लागलो. पुढे तीन किलोमीटरवर चेकपोस्ट होतं, तिथे दोन शब्द बोललो असतो तरी गाडी सुटली असती. पण मला वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, मग तू का नाही थांबलास? मी माझा नंबर सांगितला, पाणी प्यायलो, पुढे गेलो. कोणालाही पाठवलं नाही.

बाबा चपलेचा पट्टा नीट करत राहिले. मला वाटलं होतं, ते काहीतरी म्हणतील ज्याने मला हलकं तरी वाटेल नाहीतर लाथ तरी बसेल. ते म्हणाले, "माका सांगान काय उपयोग? जेका सांगूक व्हया, तेका सांग." आणि उठले. त्या दिवशी संध्याकाळी आईने तेलाची वाटी आणली तेव्हा बाबांनी ती तिच्या हातातून घेतली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. "पुरे आता," एवढंच तिला म्हणाले. तिला मी रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ती रडली. मी केलं त्यासाठी नाही रे. ती म्हणाली, एवढे दिवस तू माका तेल चोळूक दिलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदकिशोरला फोन लावला. तो गडहिंग्लजला घरी आहे, ऊसतोड चालू आहे त्यांची. मी म्हटलं, नंदकिशोर, तू थांबलास तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं? तो गोंधळला. "काय म्हंजे साहेब? माणूस पडला होता." मग म्हणाला, "मी लांबनं बघितलं होतं तुम्हाला. तुम्ही थांबला, मग पळतच पुढं गेला. मला वाटलं, पुढं गाडी बोलवायला गेला." अन्या, त्यानेही. तुम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, माझ्या जागी एका बऱ्या माणसाला उभं केलंत. मी त्याला खरं सांगितलं. पलीकडे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "बरं साहेब, ठेवतो, गाडी भरायची हाय." तेव्हापासून त्याचा मेसेज नाही.

मग दुपारी मी बोरिवलीला गेलो. तू घरी नाहीस हे माहीत असूनच गेलो. घोडबंदरवरून बसने, दोन तास, ट्रॅफिकची वाट लागलेली, आणि मी सीट असून दाराशी उभा. काकूंनी दार उघडलं आणि माझा हात धरूनच आत नेलं. पोळ्या चालल्या होत्या. काका साइटवर होते. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलास, मी रोज ह्यांना म्हणते, सुयोगला एकदा नीट जेवायला बोलवायचंय. तू होतास म्हणून आमचा मुलगा…" आणि मी म्हटलं, काकू, थांबा. मी ओट्याजवळ उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, शाळेत विचारतात तसे, स्पष्ट. पहिला: "किती वेळ पाहिलंस त्याच्याकडे?" मी म्हटलं, चार-पाच सेकंद. दुसरा: "त्याने हात केला होता का?"

हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. नंदकिशोरला नाही. मी स्वतःलाही ते नीट सांगितलं नव्हतं. पण त्या विचारत होत्या, आणि त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही. हो, अन्या. तू हात केला होतास. डावा हात, कोपरापासून वर, बोटं उघडी. तुझे डोळे माझ्यावर होते. तू बेशुद्ध नव्हतास, आणि मला ते माहीत होतं.

काकू खुर्चीत बसल्या. पदराने हात पुसत राहिल्या, पीठ केव्हाच निघालं होतं तरी. मग म्हणाल्या, "ह्यांना आत्ता काही बोलू नकोस. अनिरुद्धला मात्र सांग. फोनवर नको, तो तुला बोलू देणार नाही, सोड ना यार म्हणून हसण्यावारी नेईल. लिहून पाठव. त्याला एकट्याने वाचू दे." मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. जेवून जा म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून हे लिहितोय, आणि आजच स्पीड पोस्टने टाकणार आहे, कारण सोमवारी तू एप्रिलच्या प्रोबेशनचा फॉर्म पाठवणार आहेस. मंगळवारी तू मला फोटो टाकलास, मेडिकल बोर्डाने पूर्ण फिट ठरवल्याचा कागद, आणि त्याखाली तुझा अर्धा भरलेला फॉर्म. बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, रकान्यात माझं नाव, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, आणि खाली मेसेज: "गुडघा आवर, या वेळी एकत्र पास होऊ." ते नाव खोड. तुझ्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर टाकायची, त्या माणसाने तुला एकदा चार-पाच सेकंद नीट बघितलंय आणि तो पुढे गेलाय, हे कळल्याशिवाय तू ते नाव लिहिलेलं मला चालणार नाही. नंदकिशोरही एप्रिलमध्ये परत येतोय, त्याला विचार. मी काल ट्रेनिंगच्या मेजरसाहेबांना फोन केला, गुडघ्याचं आणि वळणाचं सांगितलं. ते म्हणाले, लिहून दे. दिलं. ते मला परत घेतील असं वाटत नाही, आणि त्यांनी घेऊ नये असंही मला वाटत नाही, कारण मला अजून जायचंय, अन्या, आणि हे तुला सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटतेय. माफी मागत नाही. ती मागितली की तू लगेच देशील, मला तू माहीत आहेस. वाच, राग येईल तेवढा येऊ दे, महिना घे, वर्ष घे, नाहीतर कधीच उत्तर देऊ नकोस. फक्त सोमवारच्या आत पेन घे आणि ते नाव खोड.

तू अजून म्हणू देशील तर तुझाच,
सुयोग